अपघातातली गंभीर दुखापत कोर्टात कशी सिद्ध होते? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार अपघाताच्या दाव्यासाठी माणसं पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा कपड्याच्या दुकानाची एक पिशवी असते. आत एक्स-रे, मेडिकलची बिलं, घडी पडून फाटायला आलेलं डिस्चार्ज कार्ड. पिशवी टेबलावर ठेवून ती विचारतात, "वकीलसाहेब, एवढं पुरेल ना?" पुढे येणारे प्रश्नही साधारण ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. रस्ते अपघातांवर भर आहे. लोकल, खड्डे आणि कामावरचे अपघात शेवटाकडे थोडक्यात येतील.

हाड मोडलं की दुखापत गंभीर, असं पोलीस म्हणाले. कोर्टातही तेच चालतं का?

अर्धं चालतं. मोटार वाहन कायद्याने "गंभीर दुखापत" हा शब्द फौजदारी कायद्यातून उचलला आहे. आधी ते भारतीय दंड संहितेचं कलम ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ आहे. एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा गमावणं अथवा कायमचा अधू होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं, जिवावर बेतणं, हे सगळं त्यात येतं. तीव्र वेदनांमुळे रोजचे व्यवहार बंद पडले तर तेही येतं. त्यासाठी जुन्या कायद्यात २० दिवसांची अट होती, नव्यात १५ दिवसांची आहे.

या व्याख्येचा उपयोग मर्यादित आहे. आरोपी चालकावर कोणतं कलम लागायचं ते तिच्यावर ठरतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळतात, तिथे ती लागते. पण ते अडीच लाख घेतले तर पूर्ण भरपाईचा कलम १६६ खालचा अर्ज तिथेच संपतो, हे सही करण्याआधी माहीत हवं.

पूर्ण भरपाईच्या दाव्यात "गंभीर" या शिक्क्याला फारसं वजन नाही. करंगळी मोडली तरी कायद्याने दुखापत गंभीर. उलट गुडघ्याचं लिगामेंट फाटून माणूस चाळीचे तीन जिने चढू शकत नसेल, पण हाड शाबूत असेल, तर पहिल्या कागदावर "साधी दुखापत" असं पडून जातं. तो शब्द वाचून खूश होऊ नका आणि घाबरूही नका.

डॉक्टरांनी ३० टक्के अपंगत्व लिहून दिलं. म्हणजे भरपाईही ३० टक्क्यांच्या हिशेबाने?

सगळ्या दाव्याचा जीव या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी एक बघा: ते ३० टक्के कशाचे आहेत? पायाचे, की अख्ख्या शरीराचे? दाखल्यावर "उजव्या पायाचे ३० टक्के" असं असेल तर शरीराच्या मानाने आकडा बराच खाली येतो. विमा कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. दोन अवयवांचे आकडेही सरळ बेरजेने जोडले जात नाहीत, त्याला वेगळं सूत्र आहे. ४० आणि ३० मिळून ७० होत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी. डॉक्टर शरीराचं मोजतो, न्यायाधिकरणाला (मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) कमाईचं मोजायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे इतकं स्वच्छ मांडलं की आजही मुंबईत एकही जखमीचा दावा त्याशिवाय पुढे सरकत नाही. न्यायालयाने उदाहरण डाव्या हाताचं दिलं. सुताराचा किंवा ड्रायव्हरचा हात गेला तर त्याची कमाई जवळपास संपली. सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकू शकते. दाखल्यावरचा आकडा दोघांचा एकच असेल. म्हणून आधी बघायचं, हा माणूस अपघातापूर्वी काय करत होता. मग, आता त्यातलं काय करू शकतो आणि काय नाही. आणि शेवटी, दुसरं काही करून पोट भरू शकेल का.

२०१२ मध्ये हातगाडी ओढणाऱ्या एका माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डावा पाय कापावा लागला होता, वय ५५. खालच्या कोर्टात कमाईचं नुकसान ५० टक्के धरलं गेलं होतं. या वयात, एका पायावर, तो दुसरं काय करणार, असा विचार करून न्यायालयाने ते ९० टक्के केलं. २०२० मधल्या दुसऱ्या प्रकरणात उजवा हात गमावलेल्या तरुण डेटा एंट्री ऑपरेटरचं अपंगत्व दाखल्यावर ८९ टक्के होतं. उच्च न्यायालयाने ते निम्म्यावर आणलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ६५ टक्के धरलं. म्हणजे आकडा दोन्ही दिशांना हलतो आणि तो हलवायला पुरावा लागतो.

पैशांत फरक किती पडतो ते पाहा. समजा पाय जायबंदी झालेला ३८ वर्षांचा टॅक्सीचालक, स्वतःची टॅक्सी, महिना २०,००० रुपये सुटतात. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: महिना २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५ आहे. कमाईचं नुकसान २५ टक्के धरलं तर १२,६०,००० रुपये होतात. ६० टक्के धरलं तर ३०,२४,०००. पाय तोच, दाखला तोच. मधले साडेसतरा लाखांहून जास्त रुपये एकाच गोष्टीवर ठरतात: त्याला क्लच दाबता येत नाही, हे कोर्टासमोर नीट आलं की नाही.

मग "क्लच दाबता येत नाही" हे सिद्ध कसं करायचं? नुसतं सांगून चालेल?

तुमचा शपथेवरचा जबाब हाही पुरावाच आहे, आणि दिवाणी दाव्यासारखं इथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात, फौजदारी खटल्यासारखं संशयापलीकडे सिद्ध करायचं नसतं. पण "मला काहीच करता येत नाही" हे वाक्य जबाबात आलं की माझ्या पोटात गोळा येतो. उलटतपासणीत पुढचा प्रश्न येतो, "आज कोर्टात कसे आलात?" ट्रेनने आलो म्हटलं की "काहीच" खोटं ठरलं.

बारीक लिहा. गुडघा ९० अंशांत वाकत नाही, म्हणून भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहता येत नाही, म्हणून कामाची पाळी बदलून घेतली आणि रात्रपाळीचा भत्ता बुडाला. भांड्यांची चार घरं होती, आता दोन राहिली, कारण खाली बसून घासता येत नाही. हे सांगायला साक्षीदारही मिळतात: ज्यांच्या घरी काम करायचात त्या बाई, टॅक्सी युनियनचा माणूस, कंपनीचा एचआर. नोकरी सुटली असेल तर पत्र घ्या. हलकं काम दिलं असेल तर तेही पत्रावर घ्या. आरटीओच्या वैद्यकीय तपासणीत परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं असेल, तर तो कागद दहा साक्षीदारांना भारी.

४० टक्क्यांच्या खाली अपंगत्व असेल तर दावा होत नाही, असं शेजारी म्हणतात.

शेजारी दिव्यांगांच्या सवलतींबद्दल बोलत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची रेषा आहे. अपघाताच्या भरपाईला अशी रेषा नाही. १२ टक्क्यांवरही दावा होतो. कायमचं अपंगत्व शून्य असलं तरी उपचारांचा खर्च, बुडालेला पगार आणि वेदनांची भरपाई मागता येते.

दाखला कुठून घ्यायचा, आणि कधी?

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत आणि हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणी होऊन दाखला मिळतो. अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. रांग आणि हेलपाटे धरून चला.

घाई मात्र करू नका. प्लास्टर निघाल्यावर लगेच काढलेला दाखला "तात्पुरता" असा येतो, किंवा आकडा फुगलेला येतो आणि सहा महिन्यांनी फिजिओथेरपीने सुधारणा झालेली दिसली की सगळा पुरावाच संशयात सापडतो. उपचार करणारे डॉक्टर "आता यापुढे सुधारणा नाही" म्हणतील तेव्हा तपासणीला जा.

एक सावधगिरी. कोर्टाच्या आवारात "दाखला मिळवून देतो, किती टक्के पाहिजे बोला" असं सांगणारे भेटतात. ज्या डॉक्टरने कधी उपचार केले नाहीत त्याच्या तयार दाखल्यांपासून जपून राहा, असं राजकुमार निकालानेच न्यायाधिकरणांना बजावलं आहे. असा एक कागद खऱ्या जखमेचाही घात करतो.

डॉक्टरांना साक्षीला यावंच लागतं का? आमचे डॉक्टर "कोर्टकचेरी नको" म्हणतात.

नुसता दाखला दाखल केला म्हणजे मजकूर सिद्ध झाला असं नाही. विमा कंपनीने मान्य केला तर ठीक, नाहीतर डॉक्टरांनी येऊन हाताचं हालचालीचं माप किती, ते कसं घेतलं, हे सांगावं लागतं. पालिका रुग्णालयातल्या डॉक्टरांची अडचण खरी असते. ओपीडीत शंभर माणसं ताटकळत असतात. सर्वोच्च न्यायालयानेच सुचवलंय की डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, ताटकळत ठेवू नये, गरज पडली तर कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस, नेमून रुग्णालयात जाऊन साक्ष घ्यावी. हे मागायला तुमच्या वकिलाने अर्ज करायचा असतो. अर्ज न करता "डॉक्टर येत नाहीत" म्हणत तारखा घेतल्या जातात, त्यात वर्षं जातात.

आणखी एक: टक्केवारी सांगून डॉक्टरांची साक्ष संपवू नका. हा माणूस फलाण्या कामासाठी किती वेळ उभा राहू शकेल, किती वजन उचलेल, पुढे आणखी ऑपरेशन लागेल का आणि अंदाजे खर्च किती, हे तिथेच विचारून घ्यावं लागतं. रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च मागायचा राहून गेला असं मी अनेकदा पाहिलंय.

पहिल्या काही दिवसांत कोणते कागद जपायचे? तेव्हा तर डोकं ठिकाणावर नसतं.

नसतंच. म्हणून हे काम जखमीचं नाही. भाऊ, वहिनी, शेजारचा पोरगा, कुणीतरी एकाने अंगावर घ्यायचं.

सगळ्यात पहिला कागद रुग्णालयातल्या मेडिको-लीगल नोंदीचा. जखमीला आणल्या आणल्या कॅज्युअल्टीत "काय झालं?" असं विचारून डॉक्टर एक ओळ लिहितात. "कारने ठोकर दिली" लिहिलं तर दावा सरळ. "पडून मार लागला" लिहिलं, कारण सांगणाऱ्याने घाबरून तसं सांगितलं, तर पुढची पाच वर्षं ती ओळ पुसण्यात जातात. एका प्रकरणात मित्रानेच पोलिसांची झंझट नको म्हणून "बाथरूममध्ये घसरला" सांगितलं होतं. पाय सायकलवरून जाताना टेम्पोखाली आलेला. ती ओळ खोडून काढायला आम्हाला घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पोवरचे ओरखडे आणि चहाच्या टपरीवाल्याची साक्ष, एवढं लागलं.

मग केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं, आत बसवलेल्या प्लेट-स्क्रूचे स्टिकर, एक्स-रे आणि एमआरआय. फिजिओथेरपीच्या भेटींची नोंद हवीच. मधे चार महिने कुणी गेलंच नसेल तर "त्रास नव्हता म्हणून गेला नाही" असं म्हटलं जातं. पैसे संपले म्हणून बंद केलं असेल तर तसं जबाबात लिहा. बिलांची शाई उडते, तेव्हा आजच झेरॉक्स काढा.

रुग्णालयाने कागद द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय व्यवसाय नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं त्या जपायच्या असतात. ही तीन वर्षं लक्षात ठेवा; दावा त्याहून लांबतो.

मेडिक्लेममधून बिल भागलं. मग तो खर्च मागता येत नाही ना?

मागता येतो. यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाली काढलं: मेडिक्लेमचे पैसे तुम्ही हप्ते भरून मिळवलेले, ते अपघाताच्या भरपाईतून वजा होत नाहीत. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील तर त्यांच्याकडून प्रमाणित प्रती घ्या.

एफआयआर उशिरा झाला. पोलिसांनीही काही केलं नाही.

उशिराचं कारण नोंदवा: आयसीयूत होतो, शुद्ध नव्हती, घरचे रुग्णालयात धावत होते. एवढ्यावरून दावा पडत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन तपास अधिकाऱ्याला त्या अहवालाबद्दल नावानिशी विचारा. रस्त्यावरच्या सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा समोरच्या दुकानदाराकडे त्याच आठवड्यात जा.

कमाईचा कागदच नाही. नवरा नाक्यावर उभा राहणारा मजूर, मी घर सांभाळते.

मुंबईतल्या अर्ध्या दाव्यांत हीच गत आहे आणि न्यायाधिकरणांना ते माहीत आहे. बँकेतल्या छोट्या-छोट्या जमा, यूपीआयचे व्यवहार, मुकादमाची वही, मालकाची साक्ष, बिशीचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, यातून अंदाज बांधता येतो. काहीच नसेल तर त्या काळचं किमान वेतन धरलं जातं.

गृहिणीच्या कामालाही मोल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ते ठामपणे मांडलं. तुमचा खांदा निकामी झाला आणि आता पोळ्या, धुणं, सासूबाईंना उठवणं-बसवणं यासाठी बाई ठेवली असेल, तर तिला दिलेल्या पैशांची नोंद ठेवा. "घरीच तर असतात" हे उत्तर विमा कंपनीचं. तुम्ही स्वतः ते म्हणू नका. कितीतरी बायका जबाबात "मी काही करत नाही" असं सांगून मोकळ्या होतात.

डोक्याला मार लागला. एमआरआय नॉर्मल आला, पण माणूस बदललाय. हे कोण मानेल?

अवघड आहे, पण होतं. कॅज्युअल्टीत जीसीएस नावाचा आकडा लिहितात, माणूस कितपत शुद्धीवर आहे ते सांगणारा, १५ पैकी. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. तो १५ होता म्हणून मेंदूला काही झालं नाही असा युक्तिवाद होतो. तो बरोबर नाही. विस्मरण, चिडचिड, हिशेब न जमणं हे आठवड्यांनी उघडं पडतं. त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या. स्मृती, लक्ष, निर्णयशक्ती यांचं त्यात मोजमाप होतं. फिट येत असतील तर ईईजी आणि औषधांची सलग चिठ्ठी.

आणि घरच्यांनी रोजनिशी ठेवावी. साधी वही, तारीख आणि दोन ओळी: "गॅस चालू ठेवून गेले." "भायखळ्याला उतरायचं होतं, कुर्ल्याला गेले." न्यायाधीशांसमोर अशी वही मोठं काम करते, फक्त ती मागाहून एका बैठकीत लिहिलेली नसावी. शाई आणि हस्ताक्षर बोलतात. रस्ता ओलांडायची धास्ती, झोप उडणं यासाठीही हेच: मानसोपचाराची नोंद असेल तर बोलता येतं.

मला आधीपासून मणक्याचा त्रास होता. तो लपवू का?

लपवू नका. जुना एमआरआय आज ना उद्या पुढे येतोच. आधी दुखत होतं पण गोदीत माल उचलत होतो, अपघातानंतर बसताही येत नाही, असा फरक मांडा. अपघाताआधीची हजेरी हा त्यासाठी उत्तम पुरावा. मधुमेहामुळे जखम उशिरा भरली तर तो तुमचा दोष नाही. ठोकरणाऱ्याला माणूस जसा आहे तसाच मिळतो.

मूल जखमी झालं. ते तर कमावत नाही.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांसाठी टक्केवारीनुसार ढोबळ रकमा सांगितल्या होत्या, १० टक्क्यांपर्यंत एक लाखापासून ९० टक्क्यांपुढे सहा लाखांपर्यंत. पण दुखापत फार मोठी असेल तर तिथेच थांबू नये. २०२० मधल्या एका निकालात १२ वर्षांची मुलगी मेंदूच्या इजेमुळे आयुष्यभर परावलंबी झाली होती. न्यायालयाने तिचं उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं धरलं आणि सांभाळणाऱ्या दोन बायांचा महिना प्रत्येकी ५,००० रुपये खर्च १८ च्या गुणकाने दिला. फक्त त्याचेच २१,६०,००० झाले. आईच सांभाळत असली तरी हा खर्च मागायचा.

हेल्मेट नव्हतं. दावा गेला का?

नाही. त्या चुकीचा आणि दुखापतीचा संबंध दाखवावा लागतो. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा प्रश्न येत नाही. बाइकवर तिघे होते एवढ्यानेही तुमची चूक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. डोक्याला मार असेल तर मात्र काही कपात होऊ शकते.

किती दिवसांत अर्ज करायचा, आणि कुठे?

१ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने निव्वळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असं सांगितलं. त्यावर विसंबून बसू नका. सगळे कागद जमेपर्यंत थांबायची गरज नसते, दाखला मागाहून देता येतो.

अपघात पुण्याला झाला आणि तुम्ही परळला राहता, तर मुंबईत अर्ज करता येतो. डोंबिवलीत राहत असाल तर ठाण्याला.

लोकलमधून पडलो. तिथेही हेच नियम?

नाही, तिथलं जग वेगळं. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे, मुदत एक वर्ष. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण भरपाई परिशिष्टात अवयवानुसार ठरलेली, जास्तीत जास्त आठ लाख. तुम्ही शिंपी आहात की सर्जन, याने फरक पडत नाही, म्हणून वर लिहिलेलं कमाईचं गणित इथे विसरा.

इथे लढाई दोन मुद्द्यांवर होते: तुम्ही खरे प्रवासी होतात का, आणि गाडीतून पडलात की रूळ ओलांडत होतात. रूळ ओलांडताना लागलं तर भरपाई नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रीना देवी निकालाने २०१८ मध्ये सांगितलं की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असं होत नाही आणि चढता-उतरताना पडणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेली इजा नव्हे. पास, मोबाइल ॲपवरची तिकिटाची नोंद, स्टेशन मास्तरांचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, हे चार मिळवा.

खड्ड्यात बाइक गेली. समोर गाडीच नव्हती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी मृत्यूला सहा लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये ठरवून दिले आणि त्यासाठी समित्या नेमायला सांगितल्या. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, आजूबाजूची पाटी किंवा दुकान दिसेल असा. पाऊस थांबला की तो बुजवतात आणि मग खड्डा होता हेच सिद्ध करत बसावं लागतं.

गाडी ठोकून पळून गेली तर?

नंबर मिळाला नाही तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे. म्हणून आधी पोलिसांमागे लागून गाडी शोधायला लावा.

कामावर असताना अपघात झाला. दोन्हीकडून मागू?

कामगार भरपाईच्या कायद्याखाली किंवा मोटार वाहन कायद्याखाली, एकच वाट निवडावी लागते. कुठे जास्त मिळेल याचा हिशेब अर्ज करण्याआधी करा, नंतर फिरता येत नाही.

मुलगा न्यूयॉर्कला असतो, त्याला तिथे कारने उडवलं. तिथले वकील "सीरियस इंजुरी" सिद्ध करा म्हणतात. ते हेच का?

नाव सारखं, काम निराळं. न्यूयॉर्कमध्ये चूक कोणाचीही असो, उपचार आणि बुडालेला पगार आधी विम्यातून मिळतो, साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत. वेदनांसाठी खटला भरायचा तर मात्र दुखापत कायद्यातल्या यादीत बसावी लागते: हाड मोडणं, मोठी विद्रूपता, अवयवाच्या वापरावर लक्षणीय मर्यादा, किंवा पहिल्या १८० दिवसांपैकी किमान ९० दिवस रोजची कामं बंद पडणं. तिथे "गंभीर" हा आत शिरायचा दरवाजा आहे. आपल्याकडे दरवाजा उघडाच असतो, आत गेल्यावर किती मिळेल याचा वाद असतो. त्याला तिथलाच वकील गाठायला सांगा.

विमा कंपनी लोकअदालतीत मिटवू म्हणते. मिटवावं का?

उपचार संपले असतील, दाखला हातात असेल आणि रक्कम तुमच्या हिशेबाच्या जवळ असेल तर जरूर मिटवा. पाच वर्षांनी मिळणाऱ्या जास्त पैशांपेक्षा आज मिळणारे थोडे कमी पैसे कधीकधी घर वाचवतात. पण आणखी ऑपरेशन व्हायचं असेल तर थांबा. एकदा मिटलं की पुन्हा मागता येत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच नको.

वकील म्हणतात, फी आत्ता नको, मिळेल त्यातले २५ टक्के द्या.

आमच्या धंद्याबद्दल लिहायला अवघड वाटतं, तरी लिहितो. दाव्याच्या निकालावर फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. फी आधी ठरवा, लिहून घ्या, पावती मागा. महिला, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. भरपाई थेट तुमच्या बँक खात्यात येते. ते खातं, त्याचं पासबुक आणि एटीएम कार्ड तुमच्याकडेच राहू द्या, वकिलाच्या कपाटात नको.